चौदा तास चाळीस मिनिटं

दि. ९ जानेवारी

चि. सेकंदकाट्यास,
तासकाट्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

घरचा फोन गेला. गेला म्हणजे बाबांनी उघडला. गेल्या रविवारी तू बोललास ना, तुझा आवाज ऐकून त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला आणि घरभर तुला शोधलं. पलंगाखालीसुद्धा वाकून पाहिलं. मग डोळ्याला भिंग लावून, बारीक पेचकस घेऊन फोनच उघडून बसले. पन्नास वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, आवाज येतो म्हणजे आत काहीतरी चालू आहे एवढंच त्यांना कळलं. पुन्हा जोडला तेव्हा तीन स्क्रू उरले होते. नवा आणला तर तोही उघडतील. शेजारच्या शिंपीणबाईंच्या दुकानात फोन आहे, पण चार गिऱ्हाइकांसमोर घरचं रडगाणं कसं गाऊ? म्हणून आता पत्रं. टपालाला बारा दिवस लागतात. तुझ्या ओळखीचा तो विमानातला वाढपी दर आठवड्याला इथे मुक्कामाला असतो, त्याच्या हॉटेलच्या काउंटरवर हे ठेवते आहे.

बाबा शरीराने ठणठणीत आहेत. फक्त काल घडलेलं आज त्यांच्याजवळ नसतं. माझं नाव कधी आठवतं, कधी नाही, पण सतत पळणारा म्हणून तुला सेकंदकाटा आणि जागची न हलणारी म्हणून मला तासकाटा म्हणायचे, ते मात्र पक्कं आहे. सकाळी उठल्यापासून एकच प्रश्न, सेकंदकाटा कधी येणार. मी छापखान्याची मुद्रितं तपासायला बसते आणि एका पानात सात वेळा उत्तर देते. परवा एका पुस्तकात लेखकाच्या मृत्यूचं सालच चुकीचं सुटलं. तो अजून जिवंत आहे आणि त्याने हसण्यावारी नेलं, म्हणून निभावलं.

फेब्रुवारीत महिनाभर ये. कारण आल्यावर सांगते. जाताना तू दारात काय म्हणाला होतास आठवतं? बारा हजार चारशे किलोमीटर म्हणजे काही फार नाही, चौदा तास चाळीस मिनिटांची तर बात, हाक मार की दारात हजर. अकरा वर्षांत मी एकदाही हाक मारली नाही. आता मारते आहे.

कळावे. लोभ आहेच, त्याला जरा कामाला लाव.
तुझी,
ताई


दि. १४ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ते तीन स्क्रू जपून ठेव, मी आलो की दोघं मिळून ते कुठले ते शोधू. पलंगाखाली मला शोधलं हे वाचून आधी हसलो, मग दुपारभर जेवण गेलं नाही.

फेब्रुवारीचं मात्र कठीण दिसतं. इथे विमानतळावर सामानाचं सगळं खातं माझ्या अंगावर आहे. साहेबांचं माझ्यावाचून पान हलत नाही. आता सुट्टी मागितली तर ते माझ्याकडे भूत बघितल्यासारखं बघतील. उन्हाळ्यात नक्की येतो, अगदी दगडावरची रेघ.

तोवर एक युक्ती सांगतो. बाबांना येईल, येईल असं मोघम सांगत जाऊ नकोस. घड्याळजीला मोघम चालत नाही. सरळ सांग की सेकंदकाटा विमानात बसला, चौदा तास चाळीस मिनिटांत पोचतो. आकडा मिळाला की ते शांत होतील. रात्री विसरून झोपतील, सकाळी पुन्हा सांग. खोटं म्हणू नकोस याला, रोजची गोळी समज. आणि तसं पाहिलं तर ते विमान रोज सुटतंच. मी रोज बघतो त्याला जाताना.

तू दगदग करू नकोस. वेळेवर जेव. तुझ्या पत्रात तुझ्याविषयी एक ओळ नव्हती, हे माझ्या लक्षात आलं आहे बरं.

लोभ कमी करू नये, वाढवल्यास हरकत नाही.
तुझा,
सेकंद


दि. २९ जानेवारी

चि. सेकंदास आशीर्वाद, वि. वि.

तुझी गोळी लागू पडली, इतकी की आता उलटी कशी काढावी समजत नाही. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बाबा उठतात आणि विचारतात. मी सांगते, बसला विमानात. त्याबरोबर चेहरा असा उजळतो की मला बघवत नाही. मग ते पितळी गजराचं घड्याळ किल्ली देऊन गुडघ्यावर घेतात आणि बरोबर आठ पन्नासला गजर लावतात. दिवसभर त्रास नाही. संध्याकाळी दाढी करून, लग्नकार्याचा कोट चढवून दाराशी खुर्ची टाकून बसतात. आठ पन्नासला गजर होतो. रस्त्यावर कोणी नसतं. घड्याळ कानाला लावून बघतात, कोट काढतात आणि झोपतात. सकाळी पाटी कोरी.

पाटी कोरी, पण वही कोरी नाही रे. दुकानातली ती लांबट वही आठवते? प्रत्येक घड्याळ चोवीस तास चालवून बघायचं आणि मागे-पुढे किती जातं ते लिहायचं, त्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचं नाही, ही त्यांची शिस्त. काल ती वही उघडली. शेवटच्या पानांवर रोजची नोंद आहे. मुलगा, विमान. निघाला ६.१०, अपेक्षित ८.५०, आला नाही. अशा नऊ ओळी. रोज ते नवी ओळ लिहायला वही उघडतात आणि आदल्या ओळी वाचतात. आपण खोटं बोलतो ते डोक्यात राहत नसेल, कागदावर राहतं.

आता कारण ऐक. मी लांबवत होते. माझ्या डाव्या काखेशी गाठ आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी मी सहा महिने बाबांच्या डॉक्टरांकडे चकरा मारत होते आणि स्वतःचा हात वर करून बघायला फुरसत नव्हती. तपासणी झाली. गाठ वाईट आहे. एकवीस फेब्रुवारीला शस्त्रक्रिया ठरली आहे. त्यानंतर तीन आठवडे हात उचलायचा नाही. बाबांना कोण बघणार? शिंपीणबाई जीव टाकतात, पण त्यांचं मशीन थांबलं की चूल थांबते. वृद्धांच्या संस्थेत नेलं होतं, पहिल्याच दुपारी बाबा खिडकीतून बाहेर पडून घरी आले, तेही अनवाणी, कारण आठ पन्नासला दारात असायचं होतं.

मला भीती वाटते. हे मी आजवर कोणाला लिहिलेलं नाही. ये.

तुझी,
ताई


दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

काय लिहू? पत्र खिशात घेऊन चार दिवस फिरतो आहे. तारीख पक्की ठेव, काही झालं तरी पुढे ढकलू नकोस. मी प्रयत्नात आहे. अर्ज दिला आहे, साहेबांच्या मागे लागलो आहे, पण इथली कागदपत्रं म्हणजे मारुतीचं शेपूट. नाहीच जमलं तर तीन आठवड्यांसाठी कोणी बाई बघ. मनाला लावून घेऊ नकोस, आजकाल या गाठी काढून टाकतात आणि माणसं वीस वीस वर्षं जगतात.

मी चौदा तासांवरच आहे, ताई. हे विसरू नकोस.

तुझा,
सेकंद


दि. २२ फेब्रुवारी

चि. सेकंदास,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही, पण लिहिते. अनेक आशीर्वाद.

काल माझी शस्त्रक्रिया झाली नाही.

सकाळी सातला दाखल व्हायचं होतं. शिंपीणबाई तीन दिवस राहायला तयार झाल्या होत्या, पुढचं पुढे बघू म्हणाल्या. मी पाचचा गजर लावला, गजर झाला, उठले, पिशवी घेतली. बाहेर ढगाळ होतं. दवाखाना दोन किलोमीटर, पंचवीस मिनिटांची वाट, चालतच गेले. आत शिरले तर भिंतीवर आठ पंचवीस. घड्याळजीची मुलगी ना मी! मला वाटलं त्यांचंच घड्याळ पुढे आहे. तिथल्या बाईशी मी वाद घातला, सेकंद. माझं मनगटी घड्याळ तिच्या नाकासमोर धरून सांगितलं की हे आमच्या बाबांच्या हातचं आहे, यात चूक होत नाही. तेवढ्यात पलीकडच्या शाळेची साडेआठची घंटा झाली आणि मी हात खाली घेतला.

माझ्या जागी दुसऱ्या बाईला आत नेलं होतं. सर्जन बाहेर आले आणि म्हणाले की एवढ्या मोठ्या गोष्टीला दीड तास उशीर करणारा पेशंट त्यांनी पाहिला नाही. आता अठरा मार्च. त्याआधी जागा नाही. हा महिना महागात पडू शकतो, असंही म्हणाले.

घरी येऊन वही उघडली. आदल्या संध्याकाळची नोंद अशी आहे : मुलगा खोटं बोलणार नाही. विमान इतकं चुकणार नाही. म्हणजे घरातली घड्याळं पुढे आहेत. सर्व दीड तास मागे केली. सर्व म्हणजे सर्व. भिंतीवरचं, स्वयंपाकघरातलं, माझ्या उशाचं, आणि मी हात धुवायला काढून ठेवलेलं मनगटातलंसुद्धा. मी लवकर पडले होते, मला पत्ता नाही. तुला वेळेवर आणण्यासाठी त्यांनी वेळच मागे ओढली. मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. त्यांनी मला ओळखलं नाही, हात जोडून विचारलं की बाई, तुमचं घड्याळ माझ्याकडून बिघडलं का.

तू म्हणतोस चौदा तासांवर आहे. अकरा वर्षं तू चौदा तासांवर आहेस. कोपऱ्यावरचा पाववाला माझ्यापासून दोन मिनिटांवर आहे आणि मला ताप आला तर तो दार वाजवतो. अंतराचं मला सांगू नकोस. तू का येत नाहीस ते सांग.

ताई


दि. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
पायांवर डोकं ठेवून सा. न.

सांगतो. सामानाचं खातं माझ्या अंगावर आहे हे खरं, पण शब्दशः अंगावर. मी हमाल आहे, ताई. विमानाच्या पोटात वाकून शिरतो आणि बॅगा रचतो. साहेब नाही, खुर्ची नाही. ज्या नोकरीसाठी आलो ती दोन वर्षांत गेली. नंतर परवानाही संपला. सहा वर्षं मी इथे कागदावाचून आहे. कायम करा म्हणून अर्ज केला आहे, त्याच्या पावतीवर काम करू देतात, आणि रांगेत उभा आहे. मे महिन्यात माझी सुनावणी आहे. त्याआधी देश सोडला तर अर्ज रद्द, आणि पुन्हा पाऊल टाकायला बंदी. सुरुवातीला तिकिटाचे पैसे नव्हते, नंतर हे कागद, म्हणून अकरा वर्षांत आलो नाही. आई गेली तेव्हाही म्हणूनच आलो नाही. काम होतं म्हणून सांगितलं होतं ते खोटं होतं.

तुमच्या शहराचं विमान आमच्याकडेच लागतं. पोटाचं दार मी स्वतः लावतो, दांडी फिरवून दोनदा ठोकून बघतो आणि मागे सरकतो. ते माझ्या डोळ्यांदेखत वळतं आणि जातं. चौदा तास चाळीस मिनिटांनी तुमच्याकडे उतरणार हे मला मिनिटामिनिटाने माहीत असतं. जेवताना वाटतं, आता अर्ध्यात असेल. झोपताना वाटतं, आता बाबांच्या डोक्यावरून गेलं असेल. माझा हात लागलेल्या बॅगा रोज घरी पोचतात आणि मी धावपट्टीवर उभा असतो.

तुला युक्ती मी शिकवली. घड्याळं बाबांनी मागे केली नाहीत, मी केली. तोंड दाखवायला जागा नाही. काय करू ते तूच सांग, तू सांगशील ते करीन.

तुझा,
सेकंद


दि. ३ मार्च

चि. सेकंदास अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. हमाल आहेस याचं मला काही वाटलं नाही. अकरा वर्षं साहेब होऊन माझ्याशी बोलत राहिलास, याचं वाटलं. लहानपणी तू पाढे चुकलास की शर्टाची बटणं चावायचास, आता कोणाची चावतोस?

येऊ नकोस. सहा वर्षं रांगेत उभं राहून दारापाशी आलेल्या माणसाला मी मागे ओढणार नाही. आधी रागात होते. राग आता नाही, त्याला लागणारं बळही नाही.

ती गोळी मी बंद केली. परवा सकाळी बाबांनी विचारलं तेव्हा खरं सांगितलं, की तो येणार नाही, त्याला येता येत नाही. ते लहान मुलासारखे रडले. मी जवळ बसून राहिले. मग विसरले. दहा वाजता पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं, पुन्हा तसेच रडले, अगदी पहिल्यांदा ऐकल्यासारखे. दुपारी तिसऱ्यांदा. चौथ्यांदा विचारलं तेव्हा माझ्याच्याने झालं नाही. म्हटलं, बसला विमानात. त्यांनी डोळे पुसले आणि कोट आणायला गेले. हात टेकले मी. खरं सांगून रोज मारू की खोटं सांगून रोज जगवू?

अठराला मी जाईन. आता माझं घड्याळ शिंपीणबाईंकडे ठेवलेलं असतं. सकाळी सहा दहाला काय सांगायचं ते त्यांना शिकवलं आहे. परत आले तर लिहीन. ‘तर’ हा शब्द चुकून पडला, पण मुद्रितं तपासणारीने खोडायचा नाही ठरवला.

जेवत जा. जड बॅगा गुडघे वाकवून उचल, कमरेतून नको.

जो लोभ आहे तो जवळच ठेव, इतक्या लांब पाठवताना वाटेत सांडतो.
ताई


दि. १९ मार्च, घर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र वाढप्याबरोबर नाही, शिंपीणबाईंबरोबर पाठवतो आहे. त्या मशीन बंद करून निघाल्या आहेत. मी घरात आहे. आपल्या घरात. तुझ्या मुद्रितांच्या टेबलावर लिहितो आहे.

तू नको म्हणालीस म्हणून आधी नाही कळवलं. कळवलं असतं तर तू पुन्हा नको म्हणाली असतीस. कचेरीत जाऊन अर्ज मागे घेतला, सही केली. खिडकीतल्या बाईने दोनदा विचारलं की समजतंय ना, परत येता येणार नाही. समजतंय म्हटलं. विमानात वाढप्याने मला साहेब म्हणून चहा दिला आणि दोघंही हसलो. खाली माझ्याच जोडीदाराने पोटाचं दार लावलं. त्याने दोनदा ठोकलं, ते मला वर खुर्चीत पायाखाली कळलं. तेव्हा मात्र रडलो.

विमान काल दुपारी उतरलं, तसा थेट दवाखान्यात आलो. तुला नुकतं बाहेर आणलं होतं. तोंड किंचित उघडं ठेवून झोपली होतीस, केस किती पांढरे झाले गं. मला थांबू दिलं नाही. सर्जन बाहेर भेटले. ते आज तुला सांगणार आहेत, पण मी आता तुझ्याशी खोटं बोलणार नाही, म्हणून मीही लिहितो. गाठ काढली, पण ती काखेबाहेर पसरली होती. महिन्यापूर्वी हे नसावं असं ते म्हणाले. पुढे लांबलचक औषधं आहेत, आणि त्यांचा किती गुण येईल ते आत्ता सांगता येत नाही. मी भिंतीला टेकून उभा होतो. तो महिना मी घालवला, ताई. तू कधी तोंडाने म्हणणार नाहीस, पण मला माहीत आहे.

तिथून गल्लीत आलो तेव्हा साडेआठ झाले होते. बाबा दाराशी कोट घालून बसलेले, गुडघ्यावर घड्याळ. धावत जाणार होतो. मग आठवलं की सकाळी त्यांना आकडा दिलेला आहे. इतके दिवस त्यांनी हिशोब बरोबर धरला आणि रोज चुकीचा निघाला, एकदा तरी बरोबर निघू दे. शिंपीणबाईंच्या दुकानाआड वीस मिनिटं उभा राहिलो. गजर झाला आणि मी समोर गेलो. त्यांनी आधी घड्याळ बघितलं, मग मला. मिठी नाही, काही नाही. आत जाऊन वही काढली. मुलगा, विमान. निघाला ६.१०, आला ८.५०. फरक शून्य. खाली दोन रेघा ओढल्या. मग मला म्हणाले की जेवून घे, प्रवास लांबचा झाला असेल. अकरा वर्षं आणि फरक शून्य. मी जेवलो. त्यांच्यासमोर सगळं संपवलं.

आज सकाळी सहा दहाला उठले. मला वाटलं, आता विचारणार नाहीत, मी तर समोरच आहे. त्यांनी घरभर बघितलं. तुझ्या खोलीत गेले, पलंगाखाली वाकले. मग विचारलं, तासकाटा कुठे आहे. मी सांगितलं, दवाखान्यात, दोन किलोमीटरवर. त्यांनी पितळी घड्याळ घेतलं, किल्ली दिली, गजराचा काटा बोटात धरला आणि विचारलं, किती वेळ लागेल?

बारा हजार किलोमीटरचा आकडा मी मिनिटापर्यंत तोंडावर फेकत होतो. दोन किलोमीटरचा मला सांगता येईना. ते अजून तसेच बसले आहेत, काटा बोटात धरून, माझ्या तोंडाकडे बघत. मी घाम पुसतो आहे आणि तुला लिहितो आहे.

शिंपीणबाई तिथे थांबतील. लिहिता येत नसेल तर त्यांना तोंडी सांग, ताई. कितीही मोठा असला तरी चालेल, आम्ही दोघं दाराशी बसून राहू. फक्त आकडा दे.

लोभ असू दे, आणि तूही अस.
तुझा,
सेकंद